‘विथ’ गाळलेलं वाक्य

आमच्या घरमालकांनी ‘पुट अप’वर जितकं प्रेम केलं, तितकं अख्ख्या चेन्नईत कुणी केलं नसेल, खुद्द इंग्रजांनी केलं असेल की नाही, याचीही मला शंका आहे. तंजावरी मराठी माणूस, हयात केंद्र सरकारच्या कचेरीत गेलेली. बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून आलो आणि अण्णा नगरातला त्यांचा वरचा मजला भाड्याने मागायला गेलो, तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "सध्या कुठे पुट अप आहां?" मी गडबडून म्हणालो, "बँकेत." त्यावर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "बँकेंत झोपतां?"

त्यांच्या मते जगातली सगळी कामं या एका क्रियापदात बसतात. भिंतीवर पाटी लावली, पुट अप. पाहुण्याला ठेवून घेतलं, पुट अप. साहेबापुढे फाइल सरकवली, तेही पुट अप. आणि ते तर त्यांनी नोकरीभर केलं. शेवटी ‘विथ’ जोडला की मात्र अर्थ फिरतो आणि माणूस सोसायला लागतो. हा ‘विथ’ गाळणाऱ्याची ते गय करत नसत. जिन्यात मी एकदा "डासांना पुट अप करतोय" म्हणालो, तर म्हणाले, "अय्यो! डासांना घरांत ठेवून घेतलां? करारांत नाही तें."

याच ‘विथ’पायी त्यांची एकुलती एक मुलगी दुरावली होती. भांडून कोइम्बतूरला गेली आणि तिथून तिने इंग्रजीत एकच ओळ लिहिली: ‘आय कान्ट पुट अप यू एनी मोअर, अप्पा.’ यांनी तांबड्या शाईने ‘विथ’ घालून पत्र परत धाडलं. त्यानंतर पाच वर्षं ती फिरकली नाही. हे त्यांनीच मला सांगितलं, वर "वाक्य चूकच होतें" असंही म्हणाले. मला त्यांचा मनस्वी राग आला होता.

गेल्या महिन्यात कळलं, मुलगी चेन्नईजवळच ओरगडमच्या कारखान्यात रुजू होतेय आणि जागा शोधतेय. दोन दिवस ते नुसते अंगणात फेऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी एक कागद घेऊन वर आले. अगदी सरकारी टिपण: ‘पुढची खोली रिकामी आहे. पंखा चालू आहे. तांबडी शाई संपली आहे. आदेशार्थ पुट अप.’ खाली सही.

"फोटो काढून तुम्हीच पाठवा," ते म्हणाले. "माझें नांव बघून उघडणार नाही ती." मुलीचा नंबर त्यांना पाठ होता.

संध्याकाळी उत्तर आलं: ‘अप्रूव्ह्ड, अप्पा. विल यू पुट अप मी?’

मी फोन त्यांच्यापुढे धरला. शाई संपली म्हणे, पण तांबडं पेन खिशात होतंच. त्यांनी ओळ दोनदा वाचली. मला राहवेना. "सर, ‘विथ’ राहिला का? ठेवून घ्याल का विचारतेय, की सोसाल का विचारतेय?"

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "असूं दे," ते म्हणाले. "विथ घातला तरी होय, न घातला तरी होयच."

मग पंखा पुसायला माझ्याकडचं स्टूल मागून घेऊन गेले.