गंज म्हणजे किती

तुमच्या तोंडी बसलेला एखादा आकडा कोणी मोजला, कुठं मोजला, कोणाला विचारून मोजला, हे तुम्ही कधी शेवटपर्यंत जाऊन पाहिलं आहे का? मी पाहिलं नव्हतं. आणि मी तर आकड्यांवरच वाढलेली मुलगी.

आमच्या घरात पत्रकं होती. लोकांकडे कपाटात वर्तमानपत्र अंथरतात, आमच्याकडे उरलेली पत्रकं अंथरत. बाबा विणकराच्या घरातले. आजोबांचा हातमाग त्यांनी पुढं चालवला नाही, नोकरी धरली, पण विणकरांसाठी मोर्चे काढले, सभा घेतल्या आणि पत्रकं लिहिली. त्या पत्रकांना घड्या घालायचं काम माझं. घड्या घालता घालता मी वाचायला शिकले आणि वाचता वाचता एक वाक्य पाढ्यासारखं पाठ झालं : विदर्भातल्या दर शंभर विणकरांपैकी इतक्यांनी हातमाग सोडला. त्या ‘इतक्यां’च्या जागी एक आकडा होता. तो मी इथं लिहिणार नाही. का, ते पुढं येईल.

गेल्या वर्षी हातमागाच्या प्रश्नावर मी स्वतः एक पत्रक लिहिलं. सुताचे भाव, मजुरी, म्हातारपणी काहीच हाती न लागणं, सगळं लिहिलं. तो आकडाही घातला. लिहून झाल्यावर तो फार उघडा दिसायला लागला. वाचणाऱ्यानं विचारलं असतं, हे कोण म्हणतं? म्हणून मी त्याच्या आधी दोन शब्द टाकले : ‘एका पाहणीनुसार’. कोणती पाहणी, ते मला माहीत नव्हतं. पण बाबांच्या पत्रकात आकडा आहे म्हणजे पाहणी झालीच असणार, असं मी धरून चालले. नागपुरात धरमपेठेतल्या चौकात उभं राहून मी ते पत्रक वाटलं. त्या दिवशी मी आत्यानं विणलेली साडी नेसले होते.

ही आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. उमरेडला राहते आणि अजून मागावर बसते. एक संस्था तिथल्या केंद्रातून विणकरांना सूत देते, विणलेलं कापड परत घेते आणि मजुरी देते. आत्याचं त्यावर चालतं. पत्रक वाटल्यानंतर काही महिन्यांनी तिचा फोन आला. तिनं ख्यालीखुशाली विचारली नाही.

“काहून वं, तुमच्या कागदात लिहून आहे म्हणे की आमी उरलोच नाई? मंग मी कोण आहो? भूत?”

ती हसत होती, म्हणून मीही हसले. मग तिनं पुढचं सांगितलं. संस्थेच्या बैठकीत उमरेडचं केंद्र बंद करायचं ठरत होतं. सूत आणायचं ते नागपुरातून, कापड पोचवायचं तेही नागपुरात. आत्याचे गुडघे गेलेले. सुताचं गाठोडं घेऊन ती एसटीत चढूच शकत नाही. म्हणजे केंद्र बंद झालं की तिचा माग बंद. आणि बैठकीत कोणीतरी माझं पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. इतक्या लोकांनी माग सोडलाय, मग सूत द्यायचं कोणाला?

मी संस्थेच्या सचिवांना जाऊन भेटले. भांडायच्या तयारीनं गेले होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि टेबलावर माझंच पत्रक ठेवलं.

“हे तुम्हीच लिहिलं ना, ताई? आम्ही तर तुमचंच ऐकून राहिलो.”

मी म्हटलं, माग चालू राहावेत म्हणून लिहिलं होतं, केंद्र बंद करावं म्हणून नव्हे. ते म्हणाले, लिहिण्यामागचा हेतू कागदावर दिसत नाही, आकडा दिसतो. आकडा चुकीचा असेल तर बरोबर आकडा आणा, पुढच्या बैठकीत ठेवतो. त्यांच्या बोलण्यात खोट काढायला मला जागा सापडली नाही. घरी येताना मी मनातल्या मनात त्यांच्याविरुद्ध एक पत्रक लिहायला घेतलं, आणि पहिल्याच वाक्यात अडकले, कारण त्यातही मला एक आकडा हवा होता.

मग मी शोधायला लागले. विदर्भाबद्दल आपण किती बोलतो, पण विदर्भाचा आकडा काढायला बसा एकदा. देशाचा तक्ता मिळाला, राज्याचा मिळाला. विदर्भ नावाची ओळच नाही. एका सरकारी कचेरीत साहेबांनी समजावलं की तक्त्यात विभाग असतात, नागपूर वेगळा, अमरावती वेगळा, दोन्हींतले जिल्हे तुम्ही जोडून घ्या. “तुमचा विदर्भ भाषणात असतो, मॅडम,” ते म्हणाले. मी जोडायला बसले. एका तक्त्यात विणकर म्हणजे मागावर बसणारा, दुसऱ्यात सूत भरून देणाराही विणकर, तिसऱ्यात नुसती कुटुंबं. जुन्या तक्त्यात जिल्हे कमी, कारण तेव्हा त्यांचं विभाजन झालं नव्हतं. मला हवी ती ओळ, म्हणजे किती होते आणि त्यातल्या किती जणांनी सोडलं, कुठंच नव्हती. परत त्या साहेबांकडे गेले तर त्यांनी मलाच विचारलं, तो एक आकडा आहे ना शंभरातल्या इतक्यांचा, तो तुमच्याकडे असेल तर आम्हालाही द्या.

शेवटी एका ग्रंथालयात एक प्रबंध सापडला. त्यात तो आकडा होता, अगदी तोच. मी खुर्चीतच सैलावले. पाहणी झाली होती तर. तळटीप पाहिली, एका साप्ताहिकाचा जुना अंक. तो अंकही त्याच ग्रंथालयात निघाला. त्यात लिहिलं होतं, कार्यकर्त्यांनी दिलेल्या माहितीनुसार. त्या काळात आमच्या भागात हा प्रश्न धरून बसलेले कार्यकर्ते तिघंच होते, आणि त्यातल्या एकाच्या पानाशेजारी मी रोज जेवायला बसते.

परतताना मोबाईलवर मी तो आकडा पुन्हा शोधला. एका बातम्यांच्या साइटवर नवा मजकूर दिसला. आकडा तोच आणि आधी शब्द : ‘एका पाहणीनुसार’. माझे शब्द. म्हणजे आता पाहणीही तयार झाली होती, ती मी तयार केली होती.

दुपारी बाबा पलंगावर पाय वर घेऊन बसले होते. मी विचारलं, तो आकडा कुठून आणला होता? पाहणीतून, ते म्हणाले. कोणत्या? आम्हीच केली होती. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ते तिघं मित्र सुटीच्या दिवशी विणकरांच्या वस्त्यांतून फिरले होते. दारोदार विचारलं, तुमच्याकडे कितीक लोकांनी माग सोडला? सगळीकडे उत्तर एकच मिळालं : गंज.

आमच्याकडे गंज म्हणजे पुष्कळ. लोखंडावर चढतो तो नव्हे. पत्रक छापायची वेळ आली तेव्हा छापखानेवाला म्हणाला की ‘गंज लोकांनी माग सोडला’ असं छापाल तर तिकडं पुण्या-मुंबईचे लोक समजतील तुमचे माग गंजले. आकडा टाका, आकडा सगळ्यांना कळतो.

“मंग गंज म्हणजे किती, यावर आमची लागली,” बाबा म्हणाले. “एक कमी सांगे, एक जास्त सांगे. मी मधला धरला.”

ते सांगताना त्यांना हसू आलं आणि मलाही आलं. छापखान्यातला तो चहा, ती लाकडी बाकं, तिघांचं आकड्यावरून भांडण मला समोर दिसलं. मग आत्याचा फोन आठवला आणि हसू गेलं. मी म्हटलं, खोटा आकडा दिलात तुम्ही. बाबा भडकले. खोटं काय होतं त्यात, गंज लोकांनी सोडलाच होता, मी स्वतः सोडला होता, आकडा नसता तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं. सगळं खरं होतं. मी त्यांचीच मुलगी आहे, हेच बोलणं मी सभेत दहा वेळा केलं असतं.

मी एवढंच विचारलं, की आत्याला विचारलं होतं का?

“तिच्या घरी जेवलो होतो त्या दिवशी.”

“विचारलं होतं?”

“ती घरचीच,” बाबा म्हणाले. “तिले काय विचारायचं.”

यावर त्यांना मी कोणत्या तोंडानं दोष देणार? ज्या बाईनं विणलेली साडी नेसून मी पत्रक वाटलं, तिला मीही विचारलं नव्हतं. तिच्या अंगणात मी लहानपणी खेळले. आतल्या खोलीतून मागाचा खटखट आवाज यायचा, इतका सततचा की तो ऐकू येणंच बंद झालं होतं. हातमाग मेला असं मी लिहिलं ते त्याच आवाजात वाढून. चालत्या मागाची मला गरज नव्हती. पत्रकाला मेलेला माग लागतो.

सचिवांसाठी मी निवेदन लिहिलं : हा आकडा मोजलेला नाही, त्यावरून केंद्र बंद करू नये, आधी घरोघर जाऊन चालू माग मोजावेत. खाली माझी सही केली. बाबांकडे कागद दिला आणि म्हटलं, तुमची नसली तरी चालेल. त्यांनी तो दोनदा वाचला. सही केली. मग आत्याला फोन लावायला सांगितला, आणि ती उचलायच्या आत स्वतःच बंद केला. “तिथं जाऊनच सांगतो,” म्हणाले.

बैठकीनं निर्णय पुढं ढकलला आहे. मोजणी होईपर्यंत उमरेडला सूत मिळेल, मोजणीत माग कमी निघाले तर केंद्र जाईल. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मोजाले येतीन तं येऊ दे. पण तू ये वं संगं. तुले तरी दिसलो पाह्यजे आमी.” मी जाणार आहे.

परवा बाबांनी पलंगाखालून जुन्या पत्रकांचा गठ्ठा ओढून काढला. मला वाटलं रद्दीत देतील. ते पेन घेऊन बसले आणि एकेका पत्रकातला तो आकडा खोडायला लागले. मी माझी उरलेली पत्रकं आणली आणि शेजारी बसले. मी आकडाही खोडते आहे आणि त्याच्या आधीचे दोन शब्दही. लहानपणी घड्या घालायला बसायचो तसेच बसलो आहोत, फक्त तेव्हासारख्या घोषणा कोणी देत नाही.

पण वाटलेली पत्रकं आमच्या हातात नाहीत. ती तुमच्याकडे आहेत. कपाटात अंथरली असतील, फाइलीत असतील, तुमच्या भाषणाच्या टिपणात तो आकडा उतरला असेल. मी तो इथं लिहिला नाही, कारण पुन्हा छापला की तो आणखी खरा होतो. तुम्हाला तो ओळखता येईल. मोजणीवाले उमरेडच्या दारांशी पोचायच्या आत एवढं करा : पत्रक बाहेर काढा, त्या आकड्यावर रेघ मारा आणि शेजारी तुमच्या हातानं लिहा, ‘मोजलेलं नाही’.