नेक्स्टकाकांची तोंडी परीक्षा

इंग्रजी विभागाच्या दाराबाहेर एक लाकडी स्टूल होतं. त्याचा एक पाय आखूड, म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी सारलेली. त्या स्टुलावर तेवीस वर्षं बसलेल्या शिपायाला सगळं विद्यापीठ ‘नेक्स्टकाका’ म्हणायचं. तोंडी परीक्षेच्या दिवसांत आतून घंटी वाजली की ते दार उघडत, रांगेकडे बघत आणि म्हणत, “नेक्स्ट!” हा शब्द ते असा काही म्हणायचे की विभागप्रमुख बाई एकदा बोलून गेल्या होत्या, “काका, आमच्या निम्म्या मुलांच्या तोंडून हा शब्द इतका स्वच्छ येत नाही.” ते वाक्य काकांनी जपून घरी नेलं आणि पुढे दोन-तीन वर्षं जमेल तेव्हा बायकोला ऐकवलं.

आता त्याच दारातून काकांना परीक्षेला जायचं होतं.

नऊ वर्षं ते बाहेरून पदवीची परीक्षा देत होते. लेखी पेपर कसेबसे, एकेक करत सगळे सुटले. राहिली होती ती इंग्रजी उच्चार आणि संभाषणाची तोंडी. दहा मिनिटं उतारा वाचायचा आणि दहा मिनिटं परीक्षकांशी बोलायचं. दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागे. मागच्या वर्षी उतारा नीट गेला, पण बोलायची वेळ आली आणि जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. पदवीधर शिपायाला कारकुनाची जागा मिळत असे, पण पन्नाशीच्या आत. काकांना पन्नास पूर्ण व्हायला चार महिने होते. यंदा हुकलं की निवृत्तीपर्यंत स्टूल.

शाळेत इंग्रजी शिकवणारी भाची रोज संध्याकाळी तासभर येऊ लागली. पोरगी तोंडाने फटकळ, पण मामावर जीव.

“मामा, मी परीक्षक. तुम्ही आत आलात. आधी काय करायचं?”

“आधी टेबलावर फडकं मारायचं.”

“मामा!”

“बरं, बरं. गुड मॉर्निंग, मॅडम.”

“तुमचे वडील काय करतात?” भाचीने इंग्रजीत विचारलं.

काकांनी मान ताठ केली आणि एका दमात, न अडखळता, इंग्रजीत सांगितलं की माझे वडील डॉक्टर आहेत आणि मलाही त्यांच्यासारखी लोकांची सेवा करायची आहे.

स्वयंपाकघरातून मामीचा आवाज आला, “काय म्हणाले गं ते?”

“आजोबा डॉक्टर होते म्हणतात.”

“अगं बाई! प्लास्टर घालायचे हे खरं, पण भिंतींना. जन्मभर गवंडीकाम केलं माझ्या सासऱ्यांनी.”

हळूहळू उलगडा झाला. तेवीस वर्षं बंद दाराआडून काकांच्या कानावर मुलांची उत्तरं पडत होती. त्यातली चांगली, ठसठशीत उत्तरं त्यांनी मनात साठवून ठेवली होती. त्यामुळे त्यांचे वडील डॉक्टर होते, एक बहीण परदेशात होती, त्यांना पोहण्याचा छंद होता आणि मोठेपणी शास्त्रज्ञ व्हायचं होतं.

“हे सगळं उसनं आहे, मामा. परीक्षक दुसरा प्रश्न विचारतील आणि तुम्ही उघडे पडाल. तुमचं स्वतःचं सांगा. तुम्ही काय काम करता?”

“आय…” काकांनी सुरुवात केली. पुन्हा “आय…” आणि मग मराठीत, खालच्या आवाजात, “स्टुलावर बसतो गं. एका वाक्यात संपतं. दहा मिनिटं काय सांगू?”

“काहीतरी करत असालच ना दिवसभर.”

“एक घंटी वाजली की पुढच्याला आत सोडायचं. दोन वाजल्या की पाणी. तीन वाजल्या की चहा.”

“झालं तर! हेच सांगायचं. नीट, एकेक करून.”

तीन आठवडे दोघं त्याच्या मागे लागली. किल्ल्यांचा जुडगा, भाषा प्रयोगशाळेतले हेडफोन, दर शनिवारी ते ओल्या फडक्याने पुसणं, मुलं आत जाताना घाबरून चप्पल बाहेरच काढतात ते. भाची वाक्य करून देई, काका दाढीच्या आरशासमोर ते घोटत. कधी तोंडाला साबण असताना मध्येच एखादा शब्द अडे आणि साबण वाळून जाई. बायको म्हणायची, “अहो, आरसा पास झाला असेल एव्हाना, तुम्ही आवरा.” पण तिने त्यांच्यासाठी नवा निळा शर्ट आणला. “त्या दिवशी गणवेश घालायचा नाही,” तिने बजावलं. “तुम्ही परीक्षा द्यायला जाताय.”

घरी सगळ्याची तयारी झाली. घंटीची मात्र कुणाला आठवण झाली नाही.

परीक्षेच्या दिवशी काकांच्या स्टुलावर ग्रंथालयाचा शिपाई बसवला होता. काका बाकावर मुलांच्या रांगेत होते, नंबर चौदा. एक पोरगा म्हणाला, “काका, आज तुम्हीच नेक्स्ट!” सगळे हसले, काकाही हसले. ग्रंथालयाचा शिपाई दार उघडून शब्द कसाबसा पुटपुटायचा, अर्ध्या मुलांना ऐकूच जायचा नाही. काकांचा जीव तुटत होता.

आत परगावचे एक वयस्क परीक्षक होते. काकांना ते ओळखत नव्हते. बाई ओळखीच्या, म्हणून मुद्दाम बाजूला खिडकीपाशी कागद लावत बसल्या होत्या. काका खुर्चीत बसले. उतारा वाचला. शब्द एकामागून एक असे बाहेर आले की बाईंनी मान वर केली. परीक्षकांनीही समाधानाने मान डोलावली आणि इंग्रजीत विचारलं, “आता सांगा, तुम्ही काय काम करता?”

नेमका तोच प्रश्न! काकांनी पहिलं वाक्य म्हटलं, “मी याच विभागात नोकरी करतो.” बरोबर आलं. दुसरं सुरू केलं, “तेवीस वर्षं मी…”

एवढ्यात परीक्षकांना खोकल्याची उबळ आली. डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी सकाळी सांगून ठेवल्याप्रमाणे त्यांनी हात लांब करून टेबलावरची घंटी दोनदा दाबली.

काका उठले. मनात काही यायच्या आत त्यांचे पाय दाराबाहेर होते. ग्रंथालयाचा शिपाई स्टुलावरून अर्धा उठला होता.

“अहो, तुम्ही कुठे? मी नेतो ना पाणी!”

“तुला पेले कुठे असतात ते माहीत नाही,” काका म्हणाले, आणि ते खरंच होतं.

त्यांनी पेला विसळला, बाहेरून पुसला, ट्रेमध्ये ठेवला, वर झाकणी ठेवली. आत येऊन परीक्षकांच्या उजव्या हाताला ट्रे ठेवला. तीन पावलं मागे सरले आणि दाराशी, हात मागे बांधून, उभे राहिले.

परीक्षक पाणी प्यायले. “थँक यू. प्लीज सिट डाउन.”

खुर्ची चार हातांवर होती. याच खुर्चीवरून त्यांनी तेवीस वर्षं फडकं फिरवलं होतं. मघाशी ते तिच्यावर बसलेही होते. पण मघाशी ते परीक्षा द्यायला आले होते, आता ट्रे घेऊन आले होते. पाय काही केल्या हलेनात.

“तेवीस वर्षं तुम्ही काय, ते सांगत होता,” परीक्षकांनी इंग्रजीत आठवण करून दिली.

“येस, सर.”

“काम कोणत्या प्रकारचं आहे?”

“येस, सर.”

“आवडतं का तुम्हाला?”

“येस, सर.”

तीन आठवडे घोटलेली वाक्यं घशापर्यंत येत होती. हेडफोन, शनिवार, ओलं फडकं, सगळं आठवत होतं. पण इथे उभं राहून त्यांनी आजवर फक्त हे दोन शब्द म्हटले होते, आणि आताही तेवढेच निघत होते.

बाईंना राहवलं नाही. “काका, बसा ना,” त्या मराठीत म्हणाल्या. “बसून बोला.”

“असू द्या, बाई.”

घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. परीक्षक बराच वेळ थांबले. भला माणूस होता. शेवटी त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि घंटी दाबली. एकदा.

काकांनी दार उघडलं, रांगेकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “नेक्स्ट!”

या वेळी कुणी हसलं नाही.

संध्याकाळी गुणपत्रिका लाखेने बंद झाली. ग्रंथालयाचा शिपाई पाच वाजताच निघून गेला होता. बाई लिफाफा हातात धरून घुटमळल्या.

“काका, हा उद्या दुसऱ्या कुणाबरोबर पाठवू या.”

“आजच पोचवायचा नियम आहे, बाई.”

“उच्चारांत तुमच्याएवढे गुण आज कुणालाच नाहीत. पण संभाषणात… अहो, त्यांनी द्यायचे तरी कशाचे?”

“माहीत आहे मला.” काकांनी हात पुढे केला.

परीक्षा विभाग आवाराच्या दुसऱ्या टोकाला होता. लिफाफ्याची लाख अजून कोमट होती, ती शर्टाला लागू नये म्हणून काका तो अंगापासून दूर धरून चालत होते.

“काय काका, आज नवा शर्ट! साहेब झालात की काय?” हेडक्लार्कने नोंदवहीत सही करता करता विचारलं.

“तसंच काही नाही.”

“यात काही खास?”

“नाही. दरवर्षीचंच.”

घरी भाची दारातच उभी होती. मागे बायको, हात पदराला पुसत.

“मामा, काय विचारलं?”

“काय काम करता, ते.”

“म्हटलं नव्हतं मी!” भाचीने टाळीच वाजवली. “तेच विचारलं! मग? सांगितलंत ना सगळं?”

“सांगायचं राहिलं,” काका म्हणाले. “करून दाखवलं.”

भाचीला काही कळलं नाही. ती पुन्हा विचारणार होती, पण मामीने तिच्या हाताला धरून थांबवलं, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, “आधी बसा बघू तुम्ही.”

काका बराच वेळ उभेच होते.