बापू पंचांची नजर आणि माझा खांदा

"आवं डाक्टर, सोडा त्यांची मान! मोडंल की!"

हौसाकाकी ओरडल्या तेव्हा त्यांच्या नवऱ्याचं, बापूंचं, डोकं माझ्या दोन्ही तळव्यांत होतं. मान मोडायची भीती मला मुळीच नव्हती. त्या मानेवरून उसाची ट्रॉली गेली असती तर टायर बदलावा लागला असता.

बापू म्हणजे कवठे महांकाळकडचे जुने पैलवान. गुडघे गेल्यावर ते कुस्तीचे पंच झाले. मातीत दोघं गुंतलेले असताना पंच त्यांच्याभोवती वाकत, पळत, मान तिरकी करत फिरतो. नजर मात्र पाठीवरून हलत नाही. दोन्ही खांदे टेकले तर चितपट. एक जरी वर असला तर कुस्ती चालू.

त्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर बापूंना घर गरगरताना दिसलं. उलट्या थांबेनात. गावानं मेंदूचा झटका ठरवूनही टाकला. सांगलीत माझ्या ओपीडीत पोचेपर्यंत दोन पाहुणे रडायच्या तयारीनं एसटीत बसले होते.

"डाक्टर, जत्रा तोंडावर आलीय," बापू डोळे मिटून म्हणाले. "पंचाचीच नजर हलाय लागली तर कुस्ती कुनाची म्हनायची?"

"आधी मेंदू का कान, ते बघू."

"कान? लय चांगलं ऐकू येतंय की मला."

ऐकू येण्याचा इथं संबंध नव्हता. कानाच्या आत तोल सांभाळणारं एक यंत्र असतं. डोकं वळलं की ते मेंदूला कळवतं आणि मेंदू डोळे तेवढेच उलट फिरवतो. म्हणूनच खड्ड्यांच्या रस्त्यावर डोकं घुसळून निघतं, तरी पुढच्या गाडीचा नंबर वाचता येतो. कानाकडची नस सुजली की हा निरोप पोचत नाही. डोळे डोक्याबरोबर वाहत जातात आणि मग उडी मारून परत येतात. गरगरणाऱ्या माणसात ही उडी दिसली की आम्ही खूश. नाही दिसली तर आमची धावपळ, कारण मग संशय मेंदूवर.

टेस्ट सोपी आहे. पेशंटनं माझ्या नाकाकडं बघायचं, मी त्याच्या डोक्याला अवचित छोटा हिसका द्यायचा. सांगून दिला तर मेंदू सावध होतो आणि फसवतो. पैलवानाची मान अवचित धरू नये, हे मात्र मेडिकल कॉलेजात कुणी शिकवलेलं नाही.

उजवीकडं हिसका. डोळे नाकावर घट्ट. डावीकडं हिसका.

पुढचं मी हवेतून पाहिलं. उलट्यांनी अर्धमेल्या झालेल्या त्या म्हाताऱ्यानं बसल्या जागेवरून मला उचललं. डाव कोणता ते आजतागायत कळलेलं नाही. पंख्याच्या पात्यांवर धूळ फार झालीय, एवढा विचार करायला मला सवड मिळाली. आणि त्याच सवडीत दिसलं: बापूंचे डोळे डोक्याबरोबर डावीकडं घसरले आणि टुणकन माझ्या नाकावर परतले.

"कान!" मी फरशीवरून ओरडलो. "काकी, कान आहे!"

"ह्यास्नी दाखवाय आनलं," काकी म्हणाल्या, "आन् डाक्टरच भरमला."

उरलेल्या तपासण्या मी हातभर लांबून केल्या. त्याही कानाकडंच बोट दाखवत होत्या. तरी ऍडमिट करून लक्ष ठेवलं. उलट्या थांबल्यावर चक्करीच्या गोळ्या बंद केल्या आणि व्यायाम दिला: अंगठ्यावर नजर रोखायची आणि मान डावी-उजवी हलवत राहायची. नस पुरती सावरली नाही तरी मेंदू त्यातून नव्यानं जुळवून घ्यायला शिकतो.

लवकरच काकींचा फोन आला. "च्या देऊ म्हटलं तर मान हलवत्यात, भाकरी देऊ म्हटलं तर मान हलवत्यात. आन् ताट ठिवलं की समदं खात्यात."

जत्रा झाल्यावर बापू दाखवायला आले. मैदान त्यांनी एकट्यानं सांभाळलं होतं. एकाही निकालावर बोंब झाली नव्हती. मी पुन्हा टेस्ट केली, पण या वेळी काकींना बापूंचे दोन्ही हात धरायला लावून. तेव्हापासून गरगरतंय म्हणणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असतो, कुस्ती खेळलाय का?

निघताना मी हळूच म्हटलं, "बापू, मला चितपट केलंत ते गावात सांगू नका."

बापूंनी पंचासारखी मान तिरकी केली.

"चितपट न्हाई," ते म्हणाले. "डावा खांदा वर हुता."