दर रविवारी सासूबाई फिरायला जायच्या

लग्न झालं आमचं आणि फिरले सासू-सासरे. खोटं नाही सांगत. दर रविवारी जेवणं आटोपली की सासूबाई साडी बदलून, छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "आम्ही जाऊन येतो हां. सातच्या आधी काय येत नाही." मागे सासरे, टोपी घालून, शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे. कधी जोगेश्वरीच्या गुंफेत जाऊन बसायचे, कधी मार्वेहून बोटीने मनोरीला. येताना सुके बोंबील आणायचे, म्हणजे फिरायलाच गेलो होतो याला पुरावा.

आमचं घर जोगेश्वरी पूर्वेला, झोपडपट्टीच्या जागी उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये. एक खोली, एक स्वयंपाकघर, मध्ये पडदा. रात्री आम्ही खोलीत, ते स्वयंपाकघरात. सासरे कुशीवर वळले तरी इकडे कळायचं. म्हणून रविवारची दुपार आम्हा नवरा-बायकोची, हे कुणी न बोलता ठरलेलं होतं. आमच्याच मजल्यावर आणखी दोन घरांत हाच कार्यक्रम चालायचा. तिन्ही घरची म्हातारी माणसं खाली गेटपाशी एकमेकांना भेटायची, उन्हाला नावं ठेवायची आणि तीन दिशांना पांगायची.

एवढी सगळी सोय, आणि आमचं काहीच होत नव्हतं. दुसरं वर्ष लागलं तरी नाही. नवरा जवळ आला की मला आवडायचं, हे आधी सांगते, कारण ते कुणाला खरं वाटत नाही. पण ऐनवेळी शरीर असं आवळून घ्यायचं की सुरी खुपसल्यासारखं दुखायचं. मी रडायचे, तो घाबरून लांब व्हायचा, मग आम्ही दोघं छताकडे बघत पडायचो. सातला सासूबाई यायच्या. आधी जिन्यातून सासऱ्यांचा खोकला, मग बेल, मग माझ्या चेहऱ्याकडे एक नजर. त्या नजरेत नातवंड असायचं. मला त्या नजरेची धडकी भरायची. यांना कळलं की पोरीत दोष आहे, तर मला मुलुंडला माहेरी पाठवतील, हेच डोक्यात.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "सगळं नॉर्मल आहे. टेन्शन घेऊ नकोस, लोणावळ्याला जाऊन या." माझं डोकंच फिरलं. दुखतंय मला आणि ही बाई मला चिक्की खायला पाठवतेय. मी तिथेच बसून राहिले, उठेचना. शेवटी त्यांनी घाटकोपरच्या एका मानसशास्त्रज्ञ मॅडमचा पत्ता दिला. त्या याच विषयावर संशोधन करत होत्या: बायकांना संबंधाच्या वेळी दुखतं त्यात मनाचा भाग किती, आणि बोलून, सराव करून ते कमी होतं का.

मॅडम माझ्याच वयाच्या निघाल्या. पायात स्पोर्ट्स शूज, टेबलावर अर्धा खाल्लेला पेरू. मी कीर्तनाला आल्यासारखा चेहरा करून बसले होते. त्या म्हणाल्या, "तुमच्या डोळ्याकडे कुणी बोट आणलं तर पापणी मिटते ना? तुम्ही मिटवता का तिला? मिटते. तसंच आहे हे. भीतीने स्नायू आपोआप आवळतात. तुम्ही नाटक करत नाही आहात." हे शेवटचं वाक्य ऐकून मी जी रडले. लग्न झाल्यापासून मला तेच वाटत होतं, की कुठेतरी मीच नाटक करतेय.

मग त्यांनी नियम सांगितला. पुढचे काही आठवडे संबंध पूर्ण बंद. प्रयत्नसुद्धा करायचा नाही. नुसता एकमेकांच्या हाताला, पाठीला स्पर्श करायचा आणि काय वाटलं ते बोलायचं. मी एकटीने आरसा घेऊन स्वतःला नीट बघायचं, हाही गृहपाठच. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बंद? नक्की ना?" आणि त्याच्या चेहऱ्यावर दहावीचा पेपर पुढे ढकलल्याचा आनंद. मला रागही आला आणि हसूही. बिचारा तोही थकला होता यार.

तर आता रविवारी असं चालायचं. सासू-सासरे आमच्यासाठी उन्हात निघून जायचे आणि आम्ही पंख्याखाली बसून एकमेकांचे तळहात चोळायचो. त्याला गुदगुल्या व्हायच्या, पहिले दोन रविवार त्यातच गेले. गृहपाठ संपला की पत्ते. रमीत तो रडीचा डाव खेळतो हे मला तेव्हा कळलं. पण हळूहळू काहीतरी सैल पडत होतं, ते मला माझ्याच खांद्यांवरून समजायचं. आधी ते कानाला टेकलेले असायचे.

मे महिन्यात एका रविवारी सासरे मनोरीहून आले ते सासूबाईंना धरूनच. बोटीला रांग, डोक्यावर ऊन, चक्कर आली होती. चेहरा लालबुंद. मी लिंबाचं सरबत दिलं, तळपायांना ओला फडका लावला. मला इतकी शरम वाटली म्हणून सांगू. ही बाई आमच्यासाठी ऊन खातेय आणि आम्ही रमी खेळतोय.

पुढच्या रविवारी भांडी झाली आणि बाई परत छत्री घेऊन तयार झाल्या. नवरा दही आणायला गेला होता. सासरे खाली जाऊन उभे होते. माझा बांध फुटला.

"आई, जाऊ नका. तुम्ही बाहेर जाता ना, आम्ही काही करत नाही. डॉक्टरने बंद केलंय. त्याआधीही काही झालेलं नाही. मला दुखतं. लग्न झाल्यापासून दुखतं."

बोलून मोकळी झाले आणि ओट्याला धरून उभी राहिले. आता मुलुंड, असंच वाटलं. सासूबाईंनी छत्री खाली ठेवली.

"अजून दुखता?"

"कमी झालंय. घाटकोपरला एक मॅडम आहेत, त्यांच्याकडे जाते. त्या शिकवतात."

त्या स्टुलावर बसल्या. खालून सासऱ्यांनी हाक मारली, "येतेस ना गो?" यांनी पदराने मान पुसली, खिडकीकडे बघितलं, आणि मला म्हणाल्या, "त्या मॅडमकडे माझ्या वयाची बाई चालता काय?"

का, कशासाठी, कधीपासून, काहीच विचारता आलं नाही. मी नुसतं म्हटलं, "विचारते."

विचारलं. संशोधनात वयाची मर्यादा होती आणि सासूबाई तिच्या फार पुढे होत्या. फोनवर मॅडम म्हणाल्या, "संशोधनात नाही घेता येणार. तशाच घेऊन या ना. शनिवारी."

शनिवारी सासूबाईंनी लग्नाकार्याची साडी नेसली. सासऱ्यांना सांगितलं, गुडघे दाखवायला जातेय. अंधेरीहून मेट्रोत बसलो, अख्खा रस्ता बाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. घाटकोपरला त्या आत गेल्या, दार बंद झालं, आणि मी बाहेर बाकावर बसले. माझ्या पहिल्या वेळीसुद्धा मी एवढी घाबरले नव्हते. एकदा आतून हसल्याचा आवाज आला.

बाहेर आल्या तेव्हा नाक लाल होतं. माझ्या शेजारी बसल्या. मी पाण्याची बाटली पुढे केली.

"काय विचारलं हो मॅडमनी?"

"इचारल्यान, तुम्हाला कधी आवडला काय." त्या घोटभर पाणी प्यायल्या, झाकण नीट फिरवून लावलं. "एवढा लग्न झाला, दोन पोरां झाली. माका कोणी कधी इचारूकच नाय गो."

"मग? तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगणार एकदम? मी म्हटलंय, इचार करून पुढल्या शनिवारी सांगतंय."