भरल्या घागरींची वाडी

धोंडुबाई माझी थोरली जाऊ. तिच्या टाळूवर रुपयाएवढी जागा मोकळी हाय, तितं केसच न्हाईत. घागरीनं खाल्लं. पदर घसरला की ती पटदिशी झाकून घेती, जसं काय तिचीच चूक हाय. मी म्हणते, "आक्का, झाकताय कशाला? दिसू दे की गावाला." तर म्हणती, "गप गं रंगू, तुजं आपलं कायतरीच."

असली ती. तिचं कुनाला सांगायला बसलं की मला आधी राग येतो आन् मागनं नुसता शीण येतो.

आमची वाडी कडेगावापासनं उगवतीला, माळावर. तिकडं उसाचं फड आन् आमच्याकडं कुसळं. आमच्या घरात मेंढरं व्हती. बहात्तरच्या दुष्काळात ती गेली, आन् त्येच्या मागनं माझं थोरलं दीर बिराप्पा बी गेलं. मेंढरं गेल्यावर त्यांनी अंथरूणच धरलं. आक्काला पोरबाळ न्हाई. पुढल्या वर्साला मिरजेकडल्या कुठल्याशा संस्थेची माणसं आली. थोड्या पाण्यात बाग करून दावतो, मुलखातली लोकं बघायला येतील, म्हणली. डाळिंब लावली, बोरं लावली, सीताफळं लावली, आन् दर रोपाच्या बुडाशी एक मडकं गळ्यापतोर पुरलं. मडकं भरायचं आन् वर झाकण ठेवायचं. पाणी मडक्यातनं पाझरतं, मुळी पाहिजे तेवढीच पिती, थेंब वाया जात न्हाई. चांगलं व्हतं, मी न्हाई कशाला म्हणू? पण रोपं लावून ती माणसं जीपमधी बसून गेली, आन् मडकी भरायला धोंडुबाई ऱ्हायली.

आता थोडं पाणी म्हंजे झाडाला थोडं. वाहणारीला ते थोडं कुटलं? विहीर खिंडीच्या खाली, ओढ्याला. उतरताना गुडघं बोलत्यात, चढताना मान. पहाटं डोक्यावर चुंबळ ठेवून ती जी निघायची, ती ऊन डोक्यावर येईपतोर तिच्या येरझाऱ्या चालूच. मी मदतीला जायची, पण मला घर, जनावरं, धनी. तिला म्हणायची, "आक्का, मरू द्या ती बाग." तर म्हणायची, "लावल्याली झाडं हायती गं. त्यांना काय ठावं विहीर कुटं हाय ते." 

आन् बाग आली बरं का. माळावर हिरवा ठिपका दिसायला लागला. तिसऱ्या सालाला बोरांनी फांद्या वाकल्या. संक्रांत झाली आन् आमचं सरपंच लालासाहेब चावडीवर उभं ऱ्हाऊन म्हणलं, "बागंचा सोहळा करायचा. सांगलीचं सायब येणार हायत."

लालासाहेब म्हंजे पलटणीतनं सुभेदार होऊन आलेला गडी. माणूस वाईट न्हाई. पण त्येनी खरी बातमी सांगितली ती पुढं. सरकारकडं आपल्या बाजूला बसवायला एकच हापसा उरला व्हता. आमच्या वाडीला द्यायचा का पल्याडच्या वाडीला, ते सायब आपल्या डोळ्यांनी बघून ठरवणार व्हता.

हापसा! दांडा हाणला की जमिनीतनं पाणी. आक्कानं त्याच दिवशी बागंच्या वरल्या अंगाला एक धोंडा लोटत नेऊन ठेवला. "हितं बसवायचा," म्हणली, "म्हंजे पाणी उताराला आपसूक जाईल." जाता-येता त्या धोंड्यावर जरा टेकायची. तिला मी बसलेली कवा बघितली न्हवती. तिचा समदा जीव त्या हापशात गुतला, आन् मला तिचंच भ्या वाटायला लागलं.

सोहळा कसा करायचा ते ठरवायला समदी जमली. लालासाहेब म्हणलं, "जनरल सायब इन्स्पेक्शनला यायचं तवा आमी झाडाच्या बुंध्याला सुद्धा गेरू आन् चुना लावायचो. समदं टिपटॉप पाहिजे. बागंत सडा मारा. बागंच्या तोंडाशी सवाष्णी भरल्या घागरी घेऊन उभ्या ऱ्हावू द्या. पावन्यांच्या पायावर पाणी घाला. काय कमी पडता कामा नये."

तवा धोंडुबाई उठली. चार माणसांत ती कवाच बोलत न्हाई. म्हणली, "आवं सुभेदार, घागरी रित्याच ठिवू की. आन् सायबाला आधी विहीर दावू."

झालं! समद्यांनी जिभा चावल्या. "पावन्याला रिती घागर आडवी घालायची? येडी का खुळी!" एक म्हातारी तर म्हणली, रांडमुंड बाईला शुभाचं काय कळायचं. ते ऐकून माझं डोस्कं फिरलं. मी म्हणलं, "आवं सुभेदार, तुमी पाणी मागायला निघालाय का लगीन लावायला?" लोकं हसली. लालासाहेब बी हसलं, पण म्हणलं, "रंगूबाई, मागायचं असलं तरी अब्रूनं मागायचं असतं. फाटकं नेसून गेलं तर उंबऱ्यात कोण घेतं?" माना डोलल्या. आमच्या लोकांना अब्रू म्हणलं की पुढचं काय ऐकू येत न्हाई.

मंग काय, घागरी भरायच्या तर पाणी आणणार कुठनं? त्याच विहिरीतनं. वाडीतल्या समद्या बाया खिंडीत लागल्या. गाडीवर पिंप घालून बैलं हाकली. विहिरीत गाळ दिसाया लागला. आन् समद्यांत पुढं कोण? धोंडुबाईच! जिला घागर धरून बागंच्या तोंडाशी उभं ऱ्हायची परवानगी न्हाई, तिनंच निम्म्या घागरी भरल्या. मी म्हणलं, "आक्का, लाज न्हाई वाटत?" तर म्हणली, "व्हईल गं. हापसा आला की एवढं बसून घेऊ."

सोहळ्याचा दिवस मातूर देखणा झाला. खोटं कशाला बोलू? आंब्याच्या डहाळ्यांची कमान, ढोल, लेझीम, पोरांच्या खिशात बोरं. सडा असा मारला व्हता की माळाला मातीचा वास सुटला. आमी सवाष्णी ओळीनं उभ्या, काखंत भरल्या घागरी. सायब जीपमधनं उतरला. तरणा व्हता, धुळीनं पार माखलेला. त्येनं रीतीपरमाणं घागरीत नाणं टाकलं, पायावर पाणी घालून घेतलं, तोंड धुतलं, आन् म्हणला, "वा! किती गार वाटलं." लालासाहेबांची छाती फुगली. धोंडुबाई बाकीच्या विधवा बायांबरोबर पार मागं, ढोलवाल्यांच्या पल्याड, आपल्या धोंड्यापाशी उभी व्हती.

सायबानं बाग बघितली. मडक्यांची झाकणं उचलून बघितली. बोर खाल्लं, बी खिशात ठेवलं. मंग कर्ण्यावर बोलाय लागला, आन् मागं ढोलवालं वाक्यावाक्याला थाप हाणाय लागलं. चांगलंच बोलला बिचारा. "पाणी कसं वापरावं ते या वाडीकडनं शिकावं. मी येताना काळजीत होतो, पण इथं येऊन समाधान वाटलं. तुमच्याकडं पाणी आहे आणि ते राखायची अक्कलही आहे. तेव्हा हापसा आपण पल्याडच्या वाडीला देऊ. त्यांची गरज मोठी आहे. तुमच्यासारखं शहाणं गाव याला नाही म्हणणार नाही."

आन् लोकांनी टाळ्या वाजवल्या! आईच्यान सांगते, टाळ्या वाजवल्या. शहाणं गाव म्हणलं, तेवढंच कानात शिरलं. ढोल वाजला. मागं धोंडुबाईनं बी टाळ्या वाजवल्या. ढोलात तिला काय बी ऐकू आलं न्हवतं. 

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. बाग राखली म्हणून सत्कार. लालासाहेबांनी सातारला पेन्शनीला गेल्यावर खास तिच्यासाठी वस्तू आणली व्हती. काय असंल? पितळंची नवी घागर! चांगली थोरली, लखलखीत. सायबानं ती तिच्या हातात दिली. आक्काचं तोंड फुललं व्हतं. तिनं पदर सावरला आन् सायबाला म्हणली, "सायब, हापसा बागंच्या वरल्या अंगाला बसवा बरं का. म्या धोंडा ठेवलाय तितं."

कर्णा चालूच व्हता. समद्या माळानं ते ऐकलं. लेझीमवाल्या पोरांनी सुद्धा हात खाली घेतलं.

सायब गोंधळला. मंग मायेनं म्हणला, "आजी, तुमच्याकडं आहे की पाणी." आन् आमच्या ओळीकडं हात केला.

आक्कानं वळून बघितलं. आमच्या घागरी बघितल्या, वला सडा बघितला, मग लालासाहेबांकडं बघितलं. सुभेदारांची मान खाली. मी तोंड उघडलंच व्हतं. एक शब्द, नुसता एक शब्द पुरला असता: खिंड. पण ती म्हणली, "व्हय सायब. हाय की." आन् खाली येऊन ती पितळी घागर माझ्या हातात कोंबली. "धर गं. जड हाय."

सांजच्याला मी तिला लय बोलले. "वाचा बसली व्हती का तुमची?"

"समद्या वाडीला खोटं पाडू?" ती म्हणली. "पावना अजून जेवायचा व्हता."

मला रडू आलं. रागाचं का कशाचं, देव जाणे. तेवढ्यात लालासाहेब दारात आलं, टोपी हातात. "धोंडुबाई, मी सांगलीला जाऊन खरं सांगतो," म्हणलं. "सांगा," ती म्हणली, आन् त्येच्यापुढं बोरं ठेवली. त्येनी एक बी खाल्लं न्हाई. पुढं ते खरंच गेलं, दोनदा गेलं. तवर त्या सायबाची बदली झाली व्हती, आन् नव्या सायबाच्या कागदात आमच्या वाडीला पाणी हाय असंच लिवलं व्हतं.

पितळी घागरीत आक्का आता हरभरं ठेवती. ती भरून डोक्यावर घेतली तर मानंच मोडंल.

औंदा उन्हाळ्यात आमची विहीर आटली. जायचं कुटं? पल्याडच्या वाडीच्या हापशावर. आमी दोघी आपापल्या जुन्या घागरी घेऊन गेलो. रांग ही मोठी. आमाला बघून तिथल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसाय लागल्या. एक फटकळ म्हणलीच, "अगं बया, भरल्या घागरींच्या वाडीच्या ना तुमी? तुमच्यात तर पाण्याचा सुकाळ म्हणं!"

मी पदर खोचला. आता हिची खोडच मोडते म्हणलं. पण आक्कानंच उत्तर दिलं, सावकाश, दमल्या आवाजात.

"व्हय बाई. पावना आला की भरून दावतो. आज पावनं आमीच हाय."

दांडा हाणणारीचा हात थांबला. आक्कानं रिती घागर रांगेच्या शेवटाला ठेवली आन् तिच्याजवळ बसली. पदर घसरून खांद्यावर आला, टाळू उघडी पडली, समद्या बाया बघत व्हत्या. मी वाट बघितली, आता झाकंल, मंग झाकंल. तिनं हात वर केला न्हाई.