पालथी शिळा

हे मी पापनिवेदनातही कधी बोललो नाही. आमच्या गावच्या देवळातली ती शिळा फुटली नव्हती. मी ती पालथी घातली.

चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. पोर्तुगीजांच्या काळातलं. भिंती दोन हात रुंद, काळ्या दगडाच्या. आल्तारवरची, म्हणजे वेदीवरची, विटांची कमान नंतरची. माझे वडील गवंडी. जुना चुना शिंपल्यांचा, त्याचे कण नखाला लागतात, हे त्यांनी मला भिंतीला हात लावून शिकवलं. तीच कमान दुरुस्त करताना ते परांचीवरून पडले आणि गेले.

त्यांना देवळाच्या भिंतीलगत पुरावं, एवढंच आईनं मागितलं. देवळाच्या कमिटीचा प्रमुख म्हणाला, "भिंत लिंपली म्हणून भिंतीशी झोपायचं? उद्या घंटा वाजवणारा मनोऱ्यात जागा मागेल." लोक हसले. वडील विहिरीकडच्या कोपऱ्यात गेले. पावसाळ्यात तिथं पाणी साचतं.

त्या प्रमुखाच्या पूर्वजाच्या थडग्याची शिळा आल्तारच्या पायरीशी जमिनीत बसवलेली होती. क्रूस, नाव, खाली कवटी. तिच्या जोरावर सणाच्या मिरवणुकीत त्यांचं घर सगळ्यांच्या पुढं चालायचं.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी फरशी नव्यानं बसवायचं काम माझ्याकडे आलं. गडी जेवायला गेले तेव्हा मी पहारीनं ती शिळा उलटली, कवटी ओल्या चुन्यात दाबली, वरची बाजू टाकीनं घडवून घेतली. "उचलताना फुटली," म्हणून सांगितलं, "तुकडे भरावात गेले." प्रमुखाला संशय आला असेल. पण नवी फरशी उकरा, असं कोणत्या तोंडानं म्हणणार? त्या वर्षी मिरवणुकीत तो पुढं सरकला, तर कुणीतरी म्हणालं, "कुठं लिहिलंय तुमचं नाव, दाखवा." तो मागं झाला. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. आजही त्याचं वाईट वाटत नाही, खोटं कशाला लिहू.

पण त्याची म्हातारी आई. वडील गेले तेव्हा त्या घरातून पेजेचं भांडं घेऊन आमच्याकडे आलेली ती एकटीच. नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या दिवशी, ती मेणबत्ती घेऊन देवळात आली आणि वाकून दगड न् दगड चाचपत राहिली.

"कोनाला इकलास रे आमचा आजा?" तिनं हसत विचारलं.

"फुटला, बाय."

ती त्याच शिळेवर उभी होती.

"मग मेनबत्ती कुठं लावू?"

मी उत्तरेच्या भिंतीतल्या बुजवलेल्या दाराकडे बोट केलं. मरेपर्यंत दर वर्षी तिनं तिथंच लावली. दाराच्या दगडावर काजळीचा डाग आहे. देवळाला चुना देताना मी त्यावरून दोनदा कुंचला फिरवला. तो पुन्हा वर येतो.

तिचा मुलगाही आता गेला. त्याचं माझं फिटलं. म्हातारीचं देणं राहिलं आहे. आल्तारच्या पायरीपासून तिसरा दगड मला उताणा करून द्यायचा आहे.