आईच्या गळ्यातली चाल

आईला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा तिला आमच्याकडे अमेरिकेत श्रूजबरीला येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. ती नगरहून यायला तयारच नव्हती. "मला तिथं काय करायचंय गं?" म्हणायची. मीच ओढून आणलं. त्यामुळे उजवा हात लुळा पडलेली, तोंडून शब्द न फुटणारी आई पाहिली की वाटायचं, हे माझ्यामुळे झालं. पुनर्वसन केंद्रातली स्पीच थेरपिस्ट रोज चित्रं दाखवायची. आई ओठ हलवायची, आवाज आतच अडकायचा, मग ती भिंतीकडे तोंड करून पडायची. असे सहा आठवडे गेले. खरं सांगते, त्या दिवसांत माझी श्रद्धा आटली होती. घरी दत्ताची आरती व्हायची, पण ती फक्त तोंडानं.

केंद्रात दर मंगळवारी दुपारी मार्था नावाच्या ऐंशीच्या बाई पियानो वाजवायला येत. पूर्वी त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. आईला त्यांची गाणी काय कळणार, म्हणून मी तिला कधी नेलं नव्हतं. त्या मंगळवारी आईच्या खोलीतला एसी बिघडला. दुरुस्ती होईपर्यंत हॉलमध्ये बसा, असं नर्स म्हणाली. नाइलाजानं व्हीलचेअर ढकलत नेली, सगळ्यात मागे लावली आणि मी फोनवर ऑफिसचे मेल बघत बसले.

मार्थाबाईंनी एक साधी, लहान मुलांना शिकवावी तशी चाल सुरू केली. दुसऱ्याच ओळीला माझ्या शेजारून घोगरा, थरथरता आवाज आला. मी आधी दुसरीकडेच पाहिलं. आई गात होती. मराठीत! पाखरं उठली, देवा, आम्हालाही उठव, अशा अर्थाचे शब्द होते आणि एकही अडखळत नव्हता. माझ्या हातून फोन खाली पडला. मार्थाबाईंनी मान वळवून पाहिलं, पण हात थांबवले नाहीत. आईच्या श्वासाला जमेल इतकी लय त्यांनी संथ केली आणि चारही कडवी तिला गाऊ दिली.

मग त्या जवळ आल्या. त्यांचे डोळे भरले होते. "ही कोणती भाषा?" त्यांनी विचारलं.

"मराठी. आई लहानपणी नगरच्या मिशन शाळेत होती. तिथे रोज सकाळी प्रार्थना म्हणायचे, एवढंच मला माहीत आहे. घरी तिनं हे कधीच म्हटलं नाही."

मग त्यांनी सांगितलं की ही चाल इथून अर्ध्या तासावरच्या एका गावातल्या माणसाची. एकोणिसाव्या शतकातला. आठवडाभर ऑर्गनच्या कारखान्यात काम करायचा आणि रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी गाणी रचायचा. "तो या राज्याबाहेरही कधी गेला नाही म्हणतात," त्या म्हणाल्या. कुणीतरी ती चाल समुद्रापार नेली, कुणीतरी तिच्यावर मराठी शब्द बसवले, आणि ती नगरच्या एका मुलीच्या गळ्यात साठ वर्षं टिकून राहिली.

थेरपिस्ट म्हणाली, बोलणं गेलं तरी गाणं उरतं, असं पुष्कळदा होतं. असेलही. तो एसी त्याच दुपारी का बिघडला, हे मी कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून थेरपिस्ट आईला शब्द चालीवर म्हणायला लावू लागली. आईनं पहिल्यांदा गाऊन पाणी मागितलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. हळूहळू चाल गळून शब्द उरले.

पानगळीच्या दिवसांत मार्थाबाई आम्हाला त्या माणसाच्या थडग्यापाशी घेऊन गेल्या. लहानसा दगड, शेवाळलेला, नाव अर्धं पुसलेलं. आई वॉकर धरून उभी होती. डावा हात दगडावर ठेवून, एकेक शब्द शोधत ती म्हणाली, "ह्यांना... कळलं असेल का गं?"

कृपा माझ्या ओळखीच्या रूपात, माझ्या देव्हाऱ्यातूनच येईल, असं मी धरून बसले होते. ती तर मी जन्मण्याच्या कितीतरी आधी निघालेली होती, आणि तिला थांबवणं किंवा बोलावणं माझ्या हाती नव्हतं.

मग आई गायला लागली. मार्थाबाई तिच्याबरोबर इंग्रजीत गाऊ लागल्या. मला दोन्हीतले शब्द येत नव्हते. मी हात जोडून उभी राहिले. नमस्कार नेमका कुणाला करते आहे, हे ठरवायची मला गरज वाटली नाही.